त्या घरांतली माणसं

“मग ह्या घरांतली माणसं तेव्हा काय करत होती?”

विचारणारी मुलगी सातवी-आठवीतली असेल. दोन वेण्या, पाठीला शाळेचंच दप्तर, हातात पाण्याची निळी बाटली. महाडच्या बाजारपेठेत रस्त्याच्या कडेला आम्ही घोळका करून उभे होतो आणि गुरुजी 20 मार्च 1927 चा दिवस सांगत होते. परिषद आटोपली, माणसं रांगा करून निघाली आणि ह्याच गावातून चालत चवदार तळ्यावर गेली. ऐकता ऐकता आमच्या सगळ्यांच्या माना तळ्याच्या दिशेला वळल्या होत्या. ती एकटी दोन्ही बाजूंच्या घरांकडे बघत होती. कौलारू, खाली दुकान आणि वर माडी अशी जी जुनी घरं अजून तग धरून आहेत, त्यांच्यावरून तिने बोट फिरवलं. त्या बोटाखालून माझं आजोळही गेलं.

“चांगलं विचारलंस बाळा. पुढे गेलो की सांगतो,” गुरुजी म्हणाले आणि चालू लागले. सगळे त्यांच्यामागून निघाले. माझा पाय मात्र उचलेना.

मे महिन्याची सुट्टी म्हणजे महाड, हे आमच्या लहानपणी ठरलेलं असायचं. एसटीने माणगाव सोडलं की आई केस सारखे करायची, पिशव्या मांडीवर घ्यायची. आजोळचं घर वाण्याचं, चार पिढ्यांचा किराणा. दुकानात शिरलं की गूळ, हळकुंडं, खोबरेल आणि ओलसर गोणपाट यांचा मिळून एक वास यायचा. मुंबईत तो मला कुठल्याच दुकानात कधी मिळाला नाही. दुकानाला शटर नव्हतं, सागवानी फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर वरच्या कोपऱ्यात पटाशीने कोरलेला आकडा, कारण एकीच्या जागी दुसरी बसत नसे. रात्री आजोबा त्या एकामागून एक खाचेत सरकवायचे. खड्, खड्, खड्, आणि दर फळीगणिक रस्ता थोडा थोडा अरुंद होत जायचा. शेवटची फळी बसली की आडवा लोखंडी दांडा आणि कुलूप. मग आम्ही पोरं जिना चढून माडीवर. वीरेश्वराचा छबिना मी ह्याच माडीच्या खिडकीतून पाहिला, एका वर्षी शाळा बुडवून. गावोगावच्या पालख्या, उंच सासणकाठ्या, ढोलांनी थरथरणारी जमीन, आणि आजीने पाठीमागून घट्ट धरलेला माझा फ्रॉक.

आजी गोष्टीवेल्हाळ होती. सावित्रीला आणि गांधारीला एकाच रात्री पूर आला तेव्हा तांदळाची पोती माडीवर कशी चढवली, तिच्या लग्नात वऱ्हाड होडीतून कसं आलं, हे ती रंगवून सांगायची. चवदार तळ्याबद्दल मात्र एकच वाक्य: “तिकडे एकटी जाऊ नको, पाय घसरेल.” महाडचा सत्याग्रह मी मुंबईच्या शाळेत, पुस्तकात वाचला. “हे माझ्या मामाचं गाव!” असं शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला सांगताना मला फार भारी वाटलं होतं. तो धडा आणि त्या फळ्या एकाच रस्त्यावरच्या, हे कुणी म्हटलं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही.

गुरुजी निवृत्त शिक्षक. शाळा-कॉलेजची मुलं, बाहेरगावची मंडळी, कुणी विचारलं की रविवारी ते गावातून पायी फिरवून आणतात. त्यांचे आजोबा पोलादपूरकडच्या एका वाडीतून परिषदेला चालत आले होते. खांद्यावर घोंगडं आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. गुरुजी कुणालाही थेट तळ्यावर नेत नाहीत. परिषद भरली होती त्या बाजूपासून सुरुवात करतात आणि निघताना एकच अट घालतात: तळं येईपर्यंत कुणी बाटलीचं झाकण उघडायचं नाही. फेब्रुवारी संपत आला होता. कोकणातलं फेब्रुवारीअखेरचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. सावलीतसुद्धा मानेवरून घाम ओघळत होता. थोड्याच वेळात पोरं ओठांवरून जीभ फिरवू लागली. तेव्हा गुरुजींनी चाळीस रुपयांची गोष्ट सांगितली.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला हजारो माणसं आली होती. इतक्या माणसांना प्यायला पाणी हवं, आणि मंडपात पाणी नाही. तळं गावात, भरलेलं. तिथून गावातले मुसलमान पाणी नेत, जनावरं पाणी पीत. ह्या माणसांना मात्र काठावर जायची सोय नाही. मग परिषद भरवणाऱ्यांनी सवर्णांकडून पाणी विकत घेतलं. चाळीस रुपयांचं. 1927 सालचे चाळीस रुपये. त्याआधीच, 1923 मध्ये, सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता की सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, शाळा, दवाखाने, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. 1924 च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात.

सत्याग्रहावरच्या भाषणांत हे चाळीस रुपये कधी येतात, कधी येत नाहीत. मला मात्र त्या फेरीतलं सगळ्यात जास्त तेच लागलं. लाठी उचलणारा माणूस मला परका वाटतो. “हे आपले नव्हेत” असं म्हणून मी त्याला बाजूला सारू शकते. पण पाणी विकणारा? सकाळी उठून, हंडे घासून, मोल ठरवून, वरून पाणी ओतून पैसे मोजून घेणारा? त्याने कुणाला मारलं नाही, कदाचित दोन शब्द गोडही बोलला असेल. तो मला ओळखीचा वाटतो. आमच्या घरी तांब्याचे मोठे हंडे होते, लग्नाकार्याला सगळी आळी मागून न्यायची. चालता चालता माझ्या डोळ्यांसमोर ते हंडे यायला लागले.

तळं आलं. चहूबाजूंनी बांधीव, पायऱ्या, कठडे, बाबासाहेबांचा पुतळा. दुपारच्या उन्हात पाण्यावर हिरवट झाक होती आणि कडेला कुणी तरी वाहिलेली झेंडूची फुलं एका कोपऱ्यात गोळा झाली होती. गुरुजींनी चपला काढल्या, खालच्या पायरीवर गेले, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. मग वळून म्हणाले, “आता प्या.” बाटल्यांची झाकणं एकदम फिरली. बराच वेळ कुणीच बोललं नाही, नुसते घोट ऐकू येत होते. ती वेण्यांवाली मुलगी अर्धी बाटली संपवून थांबली, उरलेल्या पाण्याकडे बघितलं, आणि झाकण लावून टाकलं.

त्या दिवशी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मागोमाग हजारोंनी. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि म्हणूनच पचायला जड होतं: हे पाणी प्यायलो नाही म्हणून इतके दिवस आपण मेलो नाही, प्यायल्याने अमर होणार नाही; इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे दाखवायला इथे यायचं. माणसं पाणी पिऊन मंडपात परतली. गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. काठ्या घेऊन जमाव निघाला. गुरुजींचे आजोबा तेव्हा जेवायला बसले होते. “समोरची भाकरी मातीत गेली, एवढं आजोबा शेवटपर्यंत सांगायचे,” गुरुजी म्हणाले. “डोक्याला खोक पडली होती, ते नंतर सांगायचे. आधी भाकरी.” परिषदेला आलेल्यांत पलटणीतून पेन्शनीत निघालेली कितीतरी माणसं होती. हात चालवायचा ठरवला असता तर त्यांना अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितलं आणि ती माणसं शांत राहिली. आपण ह्या दिवसाला पाण्याचा सत्याग्रह म्हणतो. मला तो ह्या आवरून धरलेल्या हातांचाही वाटतो, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

मग तळ्याचं शुद्धीकरण झालं. एकशे आठ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, मंत्र म्हणून. 1927 च्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढची कोर्टकचेरी दहा वर्षं चालली. तळं खाजगी मालकीचं आहे, असाही दावा झाला. 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तो बाबासाहेबांच्या बाजूने लागला. गुरुजी हा भाग भराभर सांगतात. कोर्टाच्या गोष्टीत मुलं जांभया देतात हे त्यांना शिक्षकाच्या अनुभवाने ठाऊक आहे.

“चल बाळा, तुझं उत्तर,” ते त्या मुलीला म्हणाले आणि आम्हाला मोहल्ल्याच्या बाजूला घेऊन गेले.

तिथे पाटी नाही, पुतळा नाही. नळावर एक बाई बादली भरत होती, ओट्यावर म्हातारे चाचा पेपर वाचत होते. “मार खात माणसं सैरावैरा पळाली,” गुरुजी म्हणाले, “तेव्हा मुसलमानांनी त्यांतल्या कित्येकांना आपल्या घरांत घेतलं. आणि डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरवायची म्हटल्यावर मंडपाला जागा मिळेना, तेव्हा जागा दिली फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी. दारं उघडली ती अशी.” चाचांनी पेपर खाली केला, गुरुजींना सलाम केला, पुन्हा वर केला. त्यांना हे ऐकायची सवय असावी.

सवर्णांतलेही काही जण उघडपणे बरोबर होते. सुरेंद्रनाथ टिपणीस इथल्याच नगरपालिकेचे अध्यक्ष. तळ्यावर जायचं, हे मार्चच्या परिषदेत बोलून दाखवणारे अनंतराव चित्रे. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळायचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बायकांची आहे. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. जात ओळखू यावी असे कपडे आणि दागिने टाका, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, मुलींना शिकवा. आणि टिपणीस, चित्रे यांच्या घरच्या बायकांनी पुढे होऊन त्या बायकांना तसं लुगडं नेसवलं. निऱ्या घालताना दुसऱ्या बाईच्या कमरेपाशी वाकावं लागतं, तिच्या पोटाला हात लागतो, पदर काढताना श्वास तिच्या खांद्यावर येतो. ज्या घरांत सावलीचाही विटाळ मानायचा असं शिकवलं जात होतं, त्या काळात हे झालं. हा प्रसंग ऐकताना घोळक्यातल्या आम्ही सगळ्याच बायका एकमेकींकडे बघत होतो.

“आणि बाकीची घरं?” मुलगी काही सोडायला तयार नव्हती.

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “बाळा, जे मारायला आले त्यांच्यातल्या काहींची नावं कोर्टात आली. जे मदतीला आले त्यांची पुस्तकात आली. मधल्यांची कुठेच नाहीत. आणि गावात मधलेच जास्त असतात.”

क्रांतिस्तंभापाशी फेरी संपली. इथे 25 डिसेंबर 1927 च्या रात्री खड्डा खणून, चंदन घालून मनुस्मृतीचं दहन झालं. दोन दिवसांनी माणसं पुन्हा गावातून निघाली, तळ्याला वळसा घालून परतली. पाण्याला हात लावला नाही, कारण कोर्टाचा मनाई हुकूम होता. समोर पाणी असताना, मार्चमधला मार अंगावर ताजा असताना, कोर्टाचा मान राखून परत फिरणं. मुलांनी स्तंभासमोर फोटो काढले, कुणी तरी वडापावची चौकशी केली, आणि घोळका पांगला.

संध्याकाळी मी मामाकडे गेले. फळ्या जाऊन शटर आलं त्याला बरीच वर्षं झाली, पण खालची दगडी खाच तशीच आहे, तिच्यात आता धूळ आणि बसची तिकिटं अडकतात. भिंतीवर 2021 च्या जुलैमधल्या पुराची रेघ दिसते. रंग दिला तरी पावसाळ्यात ती वर येते. चहा घेताना मी मामाला विचारलं, 1927 च्या वह्या आहेत का रे कुठे? पणजोबा मोडीत हिशेब लिहायचे, लाल कापडात बांधलेल्या त्या लांबट वह्या कोठीच्या फडताळात असायच्या. त्यांत रोजची तारीख, रोजची विक्री. 19 मार्चला, 20 मार्चला काय लिहिलंय ते बघता आलं असतं. मामी म्हणाली, पुरात सगळं फडताळ पाण्याखाली गेलं. तिने वह्या गच्चीवर पसरून वाळवायचा प्रयत्न केला. पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती, शाई उतरून सगळीकडे एकच करडा रंग. शेवटी चिखलाच्या ढिगाबरोबर नगरपालिकेच्या गाडीत गेल्या.

“कशाला हवंय तुला ते?” मामाने विचारलं. मी चाळीस रुपयांचं सांगितलं. हंड्यांचंही बोलून गेले. त्याने कप खाली ठेवला. “म्हणजे आपण पाणी विकलं असं म्हणायचंय का तुला?” मी म्हटलं, तसं नाही, मला माहीत करून घ्यायचंय. “शंभर वर्षं होत आली, बाय. आता कोणाला विचारणार? आणि त्या वेळी गावाविरुद्ध जाऊन एका दुकानदाराने काय करायचं होतं?” त्याच्या आवाजात राग कमी होता, दुखावलेपण जास्त. मामा वाईट माणूस नाही. पुरात त्याने माडीवर कुणाकुणाला आसरा दिला, हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक आहे. मला त्याची बाजू कळते. आपल्या माणसांना आपण फोटोतल्या चेहऱ्याने ओळखत असतो. त्या चेहऱ्याला मध्येच कुणी प्रश्न विचारला की छातीत काही तरी लागतं. मलाही लागत होतं. पण तो प्रश्न विचारल्याशिवाय त्या रस्त्यावरून पुन्हा चालणं मला जमलं नसतं. गुरुजींकडे त्यांच्या आजोबांची भाकरी आहे, खोक आहे. माझ्याकडे गुळाचा वास आणि छबिना आहे. दोन्ही एकाच रस्त्यावरचं असेल, तर माझ्याकडची गोष्ट अर्धी आहे.

मामी इतका वेळ सोलाणे सोलत होती. मामा उठून खाली दुकानात गेला तेव्हा म्हणाली, “सासूबाई मला एकदा बोलल्या होत्या. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं. त्या दिवशी दुकान बंद होतं. फळ्या लावून सगळे वर जाऊन बसले होते. खिडकीच्या फटीतून बघितलं म्हणे.”

“काय बघितलं?”

“माणसं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. गडबड नाही, ढकलाढकली नाही. एवढी माणसं एवढी शिस्तीत चालताना त्यांनी कधी बघितली नव्हती. आणि त्यांतली बरीचशी ओळखीची. मोळ्या आणणारी, ओझी वाहणारी. पण एकानेही मान वर करून माडीकडे बघितलं नाही, असं सासूबाई म्हणायच्या.”

“भ्याले होते का आपले लोक?”

“ते काही त्या बोलल्या नाहीत.” मामीने सालं गोळा केली. “संध्याकाळी आरडाओरडा झाला तेव्हा मात्र खिडकीसुद्धा लावून घेतली.”

मी तेव्हापासून हे मनात वेगवेगळ्या बाजूंनी वळवून बघते आहे. दुकान बंद ठेवलं ते भीतीने, की विरोध म्हणून, की निव्वळ शेजारच्याने ठेवलं म्हणून? मिरवणूक फटीतून बघितली, ती बघावीशी वाटली म्हणून ना? मग मार पडत असताना खिडकी लावणारा हात कोणाचा? पणजीचा, की पणजोबांचा? पणजी तेव्हा फार तर विशीची असणार. तिला त्या रांगेतल्या बायका ओळखता आल्या असतील का, आणि डिसेंबरमध्ये गावातल्याच दुसऱ्या घरच्या बायका लुगडी नेसवायला गेल्याचं तिच्या कानावर आलं तेव्हा तिला काय वाटलं असेल? पाण्याचं मात्र मामीला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींकडे गेले आणि मामीने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग मी म्हटलं, “गुरुजी, पुढच्या फेरीला आमच्या दुकानासमोर थांबाल का?”

“थांबून काय सांगू?”

“दुकान बंद होतं. माणसं माडीवरून बघत होती. संध्याकाळी खिडकी लावून घेतली. एवढंच. पाण्याचं आम्हाला माहीत नाही, हेही सांगा.”

“तुमच्या मामांना चालेल?”

मी खरं ते सांगितलं, की अजून विचारलेलं नाही. त्यांनी मान हलवली. “त्यांच्या तोंडून हो आलं तर थांबेन. नाही तर नाही. कुणाच्या दारात उभं राहून त्याची अब्रू काढायला मी ही फेरी काढत नाही.”

मामाला मी जेवताना विचारलं. तो सरळ नाही म्हणाला. पुन्हा म्हणाला, नाव घ्यायचं नाही. ताटातली आमटी संपेपर्यंत गप्प राहिला, आणि हात धुवून आल्यावर त्याने विचारलं की ती शाळेची पोरं होती का, आणि त्या मुलीने नेमकं काय विचारलं. मी सांगितलं. तो काही न बोलता खाली गेला. मामी भांडी उचलत होती. मला म्हणाली, “गुरुजींना सांग, रस्त्यावर उन्हात उभं करू नका पोरांना. वर आणा. खिडकी तीच आहे अजून, तिथून बघू देत त्यांना रस्ता. फक्त एका वेळी पाच-सहाच, जिना जुना झालाय.”